परदेशात नवं बिऱ्हाड आणि खेळाचं वेड: दोघांनी बसवायची घडी

परदेशात बिऱ्हाड मांडलं की पहिले काही आठवडे कागदपत्रांतच जातात. घराचा करार, बँक, विमा, फोनचं सिम, कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा. ते सगळं मार्गी लागतं आणि मग एखादा शनिवार असा येतो की दोघंही मोकळे असतात, पण जायचं कुठे आणि कुणाकडे, हे सुचत नाही. एकाला निदान ऑफिसातली माणसं असतात. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला तीही नसतात.

अशा वेळी घरात खेळाचं वेड असेल तर त्याचा मोठा उपयोग होतो. सामन्याचा दिवस ठरलेला, जागा ठरलेली, आणि दर पंधरवड्याला तिथं येणारी माणसंही बहुतेक तीच. पण बरीच जोडपी रात्री जागून लॅपटॉपवर मायदेशातला सामना पाहण्यापुरताच खेळ ठेवतात आणि वर्षभराने म्हणतात, इथं ओळखीच होत नाहीत. माझं म्हणणं असं की जुना संघ सोडायचं काही कारण नाही. फक्त त्याला आठवड्यातला मोजका वेळ द्यावा आणि उरलेला राहत्या शहरातल्या एका संघाला, एका मैदानाला द्यावा. ते कसं जमवायचं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: घड्याळ आणि कॅलेंडर

सामना तोच असतो, पण तुम्ही कुठे राहता यावर तो दिवसाचा की रात्रीचा हे ठरतं. आयपीएलचा संध्याकाळचा सामना भारतीय वेळेनुसार साडेसातला सुरू होतो. एप्रिलच्या मध्यात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे १० वाजलेले असतात, लंडनला दुपारचे ३, बर्लिनला ४, दुबईत संध्याकाळचे ६, सिंगापूरला रात्रीचे १०, सिडनीत मध्यरात्र आणि ऑकलंडला पहाटेचे २. म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अडचण ऑफिसची, न्यूझीलंडमध्ये झोपेची. मेलबर्नची २६ डिसेंबरची कसोटी तिथल्या साडेदहाला सुरू होते तेव्हा न्यूयॉर्कला २५ तारखेची संध्याकाळ असते, साडेसहाची. जेवणं आटोपता आटोपता पहिलं सत्र बघून होतं. लंडनला मात्र रात्रीचे साडेअकरा झालेले असतात.

यात भर घालतं ते घड्याळ पुढे-मागे करणं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, युरोपात त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. सिडनी-मेलबर्नला एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते मागे येतं, आणि त्याच देशातल्या ब्रिस्बेनमध्ये कुणी घड्याळाला हातही लावत नाही. भारत आणि जपानमध्ये हा प्रकारच नाही. त्यामुळे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मनातल्या मनात केलेला हिशोब हमखास चुकतो. उपाय सोपा आहे: सामने फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकताना ज्या देशात सामना आहे तिथलीच वेळ आणि तिथलाच टाइम झोन निवडा. पुढचं फोन बघून घेतो.

कॅलेंडर भरून झालं की दोघांनी एकदा शांतपणे बसा आणि सामन्यांचे तीन गट पाडा. पहिला, काही झालं तरी पाहायचे. दुसरा, जमलं तर पाहू. तिसरा, ज्यांचा सकाळी फक्त निकाल बघायचा. पहिल्या गटात हात आखडता ठेवा. उपांत्य आणि अंतिम सामने, वर्षातली एखादी मोठी मालिका, एवढं पुरे. ज्याला खेळात रस कमी आहे त्याला या यादीवर नकाराधिकार द्या: वर्षातल्या काही तारखा त्याने आधीच खोडाव्यात आणि त्यावर पुन्हा वाद नको. आठवड्यातून तीन-चार रात्री जागणारा माणूस पुढच्या दिवशी ऑफिसात जसा असतो तसाच घरीही असतो. जोडीदाराने का सोसावं?

आणि शेजारी. जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ लोक मनापासून पाळतात. इतर अनेक देशांतही घराच्या करारात असं कलम असतं. भिंती पातळ असतात. रात्रीच्या सामन्याला हेडफोन लावा आणि विकेट पडल्यावर उशीत ओरडा.

दुसरी पायरी: सामना दिसणार कुठे

प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, त्यामुळे मायदेशात पैसे भरलेलं अ‍ॅप इथं उघडेल याची खात्री नाही. उघडलं तरी नेमका हवा तो सामना करड्या रंगात दिसेल. म्हणून आधी स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर जा, तिथं देशवार प्रक्षेपकांची यादी असते. त्यावरून तुमच्या पहिल्या गटातले सामने कुणाकडे आहेत ते पाहा आणि मगच पैसे भरा. वर्षाची वर्गणी लगेच घेऊ नका. मालिका एका कंपनीकडे, विश्वचषक दुसरीकडे, लीग तिसरीकडे असं सर्रास असतं. स्पर्धेपुरती महिन्याची वर्गणी घेऊन नंतर बंद करणं बहुतेक वेळा परवडतं. बंद करायची तारीख त्याच कॅलेंडरमध्ये टाका.

युरोपीय संघात राहत असाल तर एक सोय आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथं नियम असा आहे की एका सदस्य देशात घेतलेली सशुल्क सेवा तुम्ही दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरते गेलात तरी चालली पाहिजे. सुट्टीत, कामाच्या फेरीवर ती चालेल. कायमचं बिऱ्हाड हलवलंत तर मात्र हा नियम लागू नाही. व्हीपीएनचा, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं अ‍ॅपला भासवणाऱ्या सेवेचा, सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी देईल. बहुतेक सेवांच्या अटींत ते बसत नाही, खातं बंद होऊ शकतं आणि ऐन अंतिम सामन्यात दगा देतं. मी त्या वाटेला जायला सांगणार नाही.

इंग्लंडमधली गंमत वेगळीच. तिथल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगचे शनिवारी दुपारी ३ वाजताचे सामने ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता आपापल्या भागातल्या छोट्या क्लबांच्या सामन्यांना जावं, म्हणून पावणेतीन ते सव्वापाच ही वेळ मोकळी ठेवतात. परिणाम असा की लिव्हरपूलचा एखादा सामना जगभर दिसतो, पण लिव्हरपूलमध्ये राहणाऱ्याला घरबसल्या दिसत नाही. नव्या माणसाला हे कळेपर्यंत तो रिमोटच्या बॅटऱ्या बदलून मोकळा झालेला असतो.

टीव्हीची फी हाही तिथलाच विषय. ब्रिटनमध्ये कुठल्याही वाहिनीवरचा थेट कार्यक्रम बघायला टीव्ही लायसन्स लागतं, मग तुम्ही तो फोनवर इंटरनेटवरून बघत असलात तरी. जर्मनीत प्रसारणशुल्क टीव्ही असो-नसो भरावंच लागतं, पण ते घरामागे एकच आहे. पत्र मात्र नवरा आणि बायको दोघांनाही वेगवेगळं येतं. एकाने भरायला सुरुवात केली की दुसऱ्याने पहिल्याचा क्रमांक कळवून आपलं नाव काढून घ्यायचं. पत्राला उत्तरच दिलं नाही तर दोघांकडूनही वसुली सुरू होते.

इंटरनेटवरचं प्रक्षेपण टीव्हीपेक्षा मागे असतं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. गोलंदाज अजून पळतोय, आणि फोन थरथरतो: घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांचा अंगठा आणि तीन फटाके. मग तो चेंडू बघण्यात काय उरलं? सामन्यापुरता ग्रुप म्यूट करा. काकांना समजवायच्या भानगडीत पडू नका.

तिसरी पायरी: राहत्या शहरातला एक संघ

इथं घाई नको. नवे लोक शक्यतो सगळ्यात मोठ्या क्लबच्या मागे लागतात, कारण नाव आधीपासून ओळखीचं असतं. मग तिकीट मिळत नाही, मिळालं तर वर्षातून एकदा, आणि तेही छताखालच्या शेवटच्या रांगेत. त्यापेक्षा वेगळ्या कसोट्या लावा. घरापासून सार्वजनिक वाहनाने तासाभरात मैदान गाठता येतं का? सामन्याच्या आठवड्यातही शेजारच्या दोन खुर्च्या मिळतात का? आणि दोघांपैकी ज्याला रस कमी आहे त्याला तिथं तीन तास बसवेल का?

ही शेवटची कसोटी महत्त्वाची. खेळाचा वेग आणि सामन्यांची संख्या घराच्या वेळापत्रकाशी जुळायला हवी. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. एखादा चुकला तरी काही बिघडत नाही, आणि खेळात इतक्या थांबण्याच्या जागा आहेत की शेजारच्याशी गप्पा मारता मारता सामना होतो. ज्या जोडप्यात एकच खेळवेडा आहे त्यांना मी डोळे मिटून बेसबॉल सुचवेन. क्रिकेट कळणाऱ्याला तो पटकन उमगतोही. उलट एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, संघाचे हंगामात फक्त १७ सामने, त्यामुळे प्रत्येक सामना सणासारखा, तिकीट दुर्मीळ आणि दिवस अख्खा जातो. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे पॅकर्सच्या सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत तर लाखाहून जास्त नावं आहेत. लोक मुलांची नावं लावून ठेवतात. हा संघ कुणा एका धनिकाचा नाही, १९२३ पासून तो सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे, त्यामुळे गावाचा जीव त्यात अडकलेला असतो.

युरोपात फुटबॉल आहे, पण तोही निवडून घ्यावा. जर्मनीच्या बुंडेसलिगात १८ संघ आणि प्रत्येकाचे ३४ सामने. प्रीमियर लीगमध्ये २० संघ, ३८ सामने. खरी मजा खालच्या विभागांत आहे. शेवटचे संघ खालच्या विभागात जातात, खालचे वर येतात, म्हणून गुणतक्त्याच्या तळाशीही जीव टांगणीला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या विभागातल्या क्लबचं तिकीट मिळतं, खेळाडू सामन्यानंतर कुंपणापाशी येऊन बोलतात आणि हंगामाच्या मध्यापर्यंत दारावरचा माणूस तुम्हाला ओळखायला लागतो. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये ही चढ-उतार नाही. तिथं तळाचा संघ तळालाच राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात करतो. त्याचा चाहता होण्यात एक प्रकारचा निवांतपणा आहे.

महिलांच्या सामन्यांकडे बरेच जण दुसरा पर्याय म्हणून बघतात. नव्या माणसाने पहिला पर्याय म्हणून बघावं. बहुतेक ठिकाणी तिकीट सहज मिळतं, गर्दीत कुटुंबं जास्त असतात आणि आक्रमक घोषणाबाजी कमी.

जर्मनीत असाल तर क्लबचं सभासदत्वही पाहा. तिथल्या ५०+१ नियमानुसार व्यावसायिक फुटबॉल संघात मतांचं बहुमत मूळ सभासद-क्लबकडेच राहावं लागतं, मोजके अपवाद सोडता. म्हणजे सभासद झालात की वार्षिक सभेत हात वर करायचा हक्क मिळतो. परक्या देशात तुमच्या मताला किंमत असलेल्या जागा फार नसतात.

संघ ठरला की नियमपुस्तक वाचत बसू नका. तीनच गोष्टी आधी समजून घ्या: गुण कसे मिळतात, खेळ कधी थांबतो, आणि प्रेक्षक कशावर चिडतात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं उदाहरण घ्या. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. प्रत्येक संघाचे १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १. एवढ्यावर पहिला सामना निभावतो. बाकीचं मागच्या रांगेतला कुणीतरी न विचारता सांगतो.

चौथी पायरी: तिकीट काढणं आणि आत जाणं

तिकीट फक्त क्लबच्या किंवा लीगच्या अधिकृत संकेतस्थळावरून, किंवा त्यांनीच नेमलेल्या पुनर्विक्रीच्या जागेवरून घ्या. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे स्टेशनबाहेर कुजबुजत तिकीट देऊ करणाऱ्याकडे ढुंकूनही बघू नका. मोठ्या क्लबांत आधी सभासद व्हावं लागतं आणि मग तिकिटाच्या रांगेत उभं राहता येतं. दोघांचं सभासदत्व वेगवेगळं लागेल. खात्यांची जोडणी करून ठेवली नाही तर एक खुर्ची इथं आणि दुसरी समोरच्या बाजूला अशी वेळ येते.

पहिल्या सामन्याला मैदानाच्या लांब बाजूची खुर्ची घ्या, गोलमागची नको. जर्मनीत गोलमागे उभं राहून बघायची जागा असते. डॉर्टमुंडच्या मैदानात दक्षिण बाजूला सुमारे २५ हजार माणसं उभी असतात. तो अनुभव घ्यावाच, पण चौथ्या-पाचव्या सामन्याला. तिथं मोठे झेंडे डोळ्यांसमोर फडकतात, कुंपणावर चढलेला पुढारी भोंग्यातून गाणी सुरू करून देतो आणि सगळ्यांनी गायचं असतं. फोन वर धरून चित्रीकरण करणाऱ्याकडे लोक फार प्रेमाने बघत नाहीत.

पाहुण्या संघाचा शर्ट हा नव्या माणसाच्या लक्षात न येणारा मुद्दा. युरोपातल्या फुटबॉलमध्ये पाहुण्या चाहत्यांचा विभाग वेगळा असतो, दरवाजेही वेगळे असतात, आणि यजमानांच्या बाजूचं तिकीट घेऊन विरोधी संघाच्या शर्टात गेलात तर दारातून परत पाठवतात. बेसबॉल, बास्केटबॉल, रग्बी, ऑस्ट्रेलियन फुटबॉल यांत सगळे मिसळून बसतात. नवरा-बायकोचे संघ वेगळे असतील तर हे खेळ बरे.

निघण्याआधी पिशवीचे नियम वाचा. एनएफएलमध्ये २०१३ पासून पारदर्शक पिशवीच न्यावी लागते, शिवाय एक हाताच्या पंजाएवढं पाकीट चालतं. ऑफिसातून थेट आलेल्या माणसाची पाठीवरची बॅग बाहेर ठेवायची सोय प्रत्येक ठिकाणी नसते. तिकीट फोनवर असतं, आणि हजारो माणसं एकाच ठिकाणी जमल्यावर नेटवर्क कोलमडतं. घरीच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या, दोघांचं दोघांच्या फोनवर. स्कॅनरसमोर पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. मागच्या रांगेचा निम्मा राग तिथंच मिटतो. जर्मनीत अनेक क्लबांच्या तिकिटावरच त्या दिवसाचा बस-रेल्वेचा प्रवास धरलेला असतो. तिकिटाच्या खालच्या ओळी वाचल्या तर वेगळं भाडं भरावं लागत नाही.

आत गेल्यावर प्रत्येक खेळाची शिस्त निराळी. टेनिसमध्ये बाजू बदलताना आणि आइस हॉकीत खेळ थांबल्यावरच जागेवर जाता येतं, तोवर दारातला माणूस अडवून धरतो. बेसबॉलला पहिल्या-तिसऱ्या बेसजवळ बसलात तर चेंडूवरून नजर हटवू नका, तो प्रेक्षकांत येतो. इंग्लंडमध्ये वरच्या विभागांतल्या पुरुषांच्या फुटबॉल सामन्यात खुर्चीवर बसून, मैदान दिसत असताना दारू पिता येत नाही, १९८५ पासून कायदा आहे. क्रिकेट आणि रग्बीला तो लागू नाही.

ओळख करायची युक्ती म्हणाल तर एकच: दरवेळी तोच ब्लॉक, शक्यतो तीच रांग. शेजारचे आजोबा पहिल्या सामन्याला मान हलवतील, तिसऱ्याला निकालावर बोलतील, आणि एखादा सामना तुम्ही चुकवलात की पुढच्या वेळी विचारतील, होतात कुठे?

पाचवी पायरी: बघणं पुरे, मैदानात उतरा

नव्या देशात क्रिकेट नसेल, असं गृहीत धरू नका. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे शंभराहून जास्त सदस्य देश आहेत, आणि १ जानेवारी २०१९ पासून त्या सगळ्यांच्या पुरुष संघांमधल्या टी-२० लढतींना आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. महिलांना तो त्याआधी, २०१८ मध्येच मिळाला. म्हणजे तुम्ही जिथं राहता तिथं राष्ट्रीय मंडळ बहुधा असणार आणि त्याच्या संकेतस्थळावर क्लबांची यादीही. हे क्लब बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या माणसांवरच चालतात. सौरभ नेत्रावळकर भारताच्या १९ वर्षांखालील संघातून खेळला, पुढे शिकायला अमेरिकेत गेला, सॉफ्टवेअर इंजिनीअर झाला आणि ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये त्याच अमेरिकेसाठी पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून सामना जिंकून दिला. आपल्याला तिथवर जायचं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अकरावा खेळाडू न मिळालेले कर्णधार सगळीकडे असतात.

खेळता येत नसेल तर स्कोअर लिहा. हा सल्ला मी दोघांतल्या घरी असणाऱ्याला खास देते. क्लबांना फलंदाज मिळतात, स्कोअरर मिळत नाही. क्रिकेटच्या नियमांत दोन स्कोअरर सांगितले आहेत आणि त्यांनी वरचेवर आपल्या नोंदी एकमेकांशी ताडून बघायच्या असतात. क्लबच्या सामन्यात बहुधा दोन्ही बाजूंचा एकेक असतो. म्हणजे दिवसभर एका अनोळखी माणसाच्या शेजारी बसून दर षटकाला बोलावंच लागतं: तुमचे किती, आमचे किती, तो लेगबाय धरलात का? पंच चौकाराची खूण करतो तेव्हा स्कोअररने हात वर करून पोच द्यायची असते, आणि ती मिळेपर्यंत पंचाने पुढचा चेंडू टाकू द्यायचा नसतो. नुकत्याच आलेल्या, अजून भाषेत अडखळणाऱ्या माणसाच्या हातासाठी मैदानातले सगळे थांबलेत, हे सुख लहान नाही. शिवाय हे काम करायला तिथली भाषा फारशी लागत नाही. एक-दोन महिन्यांत आपोआप येते ती वेगळी.

क्रिकेट नको असेल तर शनिवारी सकाळची पार्करन बघा. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ धावपटूंनिशी सुरू झालेला हा उपक्रम आता वीसहून जास्त देशांत आहे. अंतर ५ किलोमीटर, शुल्क नाही, चालत गेलात तरी चालतं. एकदा नोंदणी करून बारकोड घेतला की कुठल्याही देशात तोच चालतो, त्यामुळे गाव बदललं तरी शनिवार रिकामा राहत नाही. एक पळणारा, दुसरा वेळ नोंदवणारा स्वयंसेवक, अशी जोडी तर उत्तमच.

दोन खबरदाऱ्या मात्र घ्या. एक, व्हिसाच्या अटी. ब्रिटनमध्ये अनेक व्हिसांवर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई असते, त्यामुळे क्लबने शिकवण्याबद्दल मानधन देऊ केलं तर हो म्हणण्याआधी अटी वाचा. पंचगिरीचं मानधनही काही देशांत उत्पन्नच धरलं जातं. दोन, विमा. हौशी खेळातली दुखापत तुमच्या आरोग्यविम्यात बसते का, आणि तुमच्या षटकाराने कुणाची काच फुटली तर भरपाई कोण देणार, हे क्लबच्या सचिवाला विचारा. त्याला या प्रश्नाची सवय असते. बहुतेक क्लब एक-दोन सराव फुकट करू देतात. वर्गणी त्यानंतरच भरा.

सहावी पायरी: दोघांमधला हिशोब

एकाला वेड आणि दुसऱ्याला कंटाळा, हेच चित्र जास्त घरांत असतं. परदेशात ते जास्त टोचतं, कारण घरी इतर कुणी नसतं. खेळवेड्याने सामना लावला की दुसऱ्याची संध्याकाळ एकट्याची होते. म्हणून मी सुचवते की स्थानिक क्लबशी पहिली ओळख, पहिलं सभासदत्व शक्यतो त्याच्या नावावर घ्यावं ज्याला ऑफिस नाही. मग फोन त्याला येतात, सामन्याची वेळ बदलली की तो सांगतो. नाहीतर तो कायम कुणाचा तरी जोडीदार म्हणूनच ओळखला जातो.

सगळं जोडीने करायचा हट्टही नको. महिन्यातून एखादा सामना एकट्याने किंवा आपापल्या मित्रांबरोबर बघावा. ज्याला खेळ आवडत नाही त्याला बळेच चाहता बनवायला जाऊ नये. मैदानाचा प्रवास, गर्दी, गाणी आवडली आणि खेळ नाही आवडला, तरी चालतं. अर्ध्या वेळात त्याने पुस्तक उघडलं तर उघडू द्यावं.

आपल्या देशातल्या मंडळींच्या ग्रुपबद्दल दोन टोकं दिसतात. कुणी त्यातच बुडतं, कुणी ठरवून लांब राहतं. मोठ्या सामन्याला एकत्र जमायला तोच ग्रुप हवा, अडीअडचणीला रात्री दार वाजवायलाही तोच. दर वीकेंड मात्र त्यांच्याच बैठकीच्या खोलीत गेला तर तुमचा स्थानिक संघ कागदावरच राहील. एक शनिवार या ग्रुपचा, एक स्थानिक संघाचा, इतकं ढोबळ ठरवलं तरी भागतं.

हंगाम संपताना

सीझन तिकीट आणि सभासदत्व दरवर्षी आपोआप पुढे सरकतं की मुदतीत नूतनीकरण करावं लागतं, हे आधी बघा. दोन्ही प्रकार असतात आणि दोन्हीत माणसं फसतात. मुदत चुकली की खुर्ची यादीतल्या पुढच्याला जाते. उलट, जर्मनीतल्या बऱ्याच क्लबांत ठरलेल्या तारखेआधी लेखी कळवलं नाही तर वर्गणी पुढच्या काळासाठीही द्यावी लागते. शहर किंवा देश बदलणार असाल तर घरमालकाला नोटीस देता त्याच दिवशी क्लबला आणि स्ट्रीमिंग कंपनीलाही द्या, आणि पोच जपून ठेवा. बँकेचं खातं सगळ्यात शेवटी बंद करा. अनामत, परतावे आणि रद्द झालेल्या सामन्यांच्या तिकिटांचे पैसे त्याच खात्यात येतात.